पाचर ते कोलेट : चांद्याच्या सागवान मुलखात हत्याराची पकड

लाकडावर चालणाऱ्या हत्याराला दोन अंगे असतात. एक कापणारे आणि दुसरे त्या कापणाऱ्याला धरून ठेवणारे. पात्याविषयी कारागीर भरभरून बोलतात; पकडीची आठवण होते ती मात्र ती सुटल्यावर. आजच्या लहान सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या, यंत्रात ही पकड स्प्रिंग कोलेटकडे असते. कोलेट म्हणजे कडक स्प्रिंग-पोलादाची छोटी नळी, बाहेरून निमुळती आणि दोन्ही टोकांकडून आळीपाळीने उभ्या चिरा पाडलेली. नट आवळला की ती स्पिंडलच्या, म्हणजे हत्यार फिरवणाऱ्या अक्षाच्या, निमुळत्या घरात ढकलली जाते, चिरा मिटू लागतात आणि मधल्या भोकातला बिट, म्हणजे कापणारे टोक, सगळ्या बाजूंनी सारखा आवळला जातो. तत्त्व पाचरीचेच आहे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत पाचरीची ओळख फार जुनी आहे.

या मुलखाने आपले लोखंड स्वतः गाळले. लोहारा, पिंपळगाव, देवलगाव या गावांच्या आसपास उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे, आणि लोहारा या नावातच तो धंदा नोंदलेला आहे. मातीची कमरेइतकी भट्टी, चामड्याचा भाता, खनिज आणि लाकडी कोळसा एवढ्या सामग्रीवर लोहार काम करीत. या भट्टीत लोखंड वितळून वाहत नसे. स्पंजासारखा सच्छिद्र गोळा मिळे, तो तापवून ठोकून त्यातले किट्ट बाहेर काढावे लागे. त्यातून कुऱ्हाड, वाकस, विळा, कोयता आणि नांगराचा फाळ होई.

या लोखंडाच्या कुऱ्हाडीत पकडीचा पहिला धडा आहे. पात्याच्या मागे नेढे असते, त्यात दांडा बसतो. दांड्यासाठी धावड्याचे लाकूड पसंत करतात, कारण ते चिवट असते आणि धक्का सोसते. नेढ्यात शिरलेल्या दांड्याच्या टोकाला चीर देऊन तीत पाचर ठोकली की लाकूड फुगते आणि नेढ्याच्या भिंतींना घट्ट भिडते. रंध्याचे पातेही असेच पाचरीने धरलेले असते. फरक एवढाच की रंध्याची पाचर सुताराला दिवसातून अनेकदा सैल करावी लागते, कुऱ्हाडीची मात्र एकदा ठोकली की दांडा मोडेपर्यंत काढायची नसते. कायमची बसणारी पाचर आणि हवी तेव्हा सुटणारी पाचर हा भेद पुढच्या सगळ्या इतिहासात महत्त्वाचा ठरतो.

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, लोखंडाला आधुनिक कारखान्याची जोड मिळण्याची संधी एकदा अगदी जवळ आली होती. रिटर फॉन श्वार्ट्झ या तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातल्या लोखंड-उद्योगाच्या शक्यतांवर लिहिलेला अहवाल १८८२ मध्ये जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचे खनिज आणि वरोऱ्याचा कोळसा एकमेकांपासून फार दूर नव्हते, पण वरोऱ्याचा कोळसा लोखंड गाळण्याच्या कामी उतरला नाही. १९०४ च्या सुमारास सी. एम. वेल्ड या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने टाटांसाठी चांद्याची जंगले पायाखाली घातली. खनिज कसदार होते, पण मोठ्या कारखान्याला पुरेल इतके एका जागी नव्हते. मग नागपूरला भूशास्त्रीय नकाशा पाहताना दुर्ग जिल्ह्यातल्या खनिजाचा माग लागला, शोध पूर्वेकडे सरकला आणि १९०७ मध्ये स्थापन झालेल्या टाटांच्या कंपनीचा कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला. गावच्या भट्ट्या तोवर विझत चालल्या होत्या. रेल्वेने आलेले स्वस्त परदेशी लोखंड आणि राखीव जंगलांमुळे दुर्मिळ झालेला लाकडी कोळसा, या दोहोंपुढे त्यांचा टिकाव लागला नाही. कारखाना दूर गेला आणि भट्ट्या विझल्या, या दोन घटनांचा परिणाम एकच झाला : ज्या मुलखात लोखंड निघत होते, तिथे नेमक्या मापाचे पोलादी काम करणारा कारागीरवर्ग वाढला नाही. पुढे आलेली प्रत्येक यांत्रिक पकड इथे बाहेरून आली.

लाकूड मात्र इथलेच राहिले. आलापल्लीच्या सागाची कीर्ती दूरवर आहे. तिथला जुन्या सागांचा राखलेला पट्टा ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणून ओळखला जातो. बल्लारपूरचा लाकूड डेपो या सागाचा मोठा बाजार झाला. १९८२ च्या ऑगस्टमध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तरी दोन्ही जिल्ह्यांच्या लाकडाची वाट बल्लारपूरवरूनच जात राहिली. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवानाची पहिली खेप निघाली तीही तिथूनच.

साग सुताराला प्रिय आहे, कारण तो वाकत-फुगत नाही आणि त्याला वाळवी लवकर लागत नाही. पण तो हत्याराला खातो. सागाच्या पेशींत सिलिकाचे, म्हणजे वाळूच्या जातीचे, बारीक कण असतात आणि ते धार झिजवतात. बांबूच्या गुळगुळीत सालीतही सिलिका असते. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद गिरणीला बांबूमुळे हाच ताप होता : बांबूचे तुकडे करणारी पाती बोथट होत, शिवाय लगद्याच्या रसायनांतही सिलिका साचे. बुरूड कोयत्याने बांबू फोडतात तेव्हा धार जाते, पण ती दगडावर घासून परत आणता येते. मिनिटाला वीस हजार फेरे घेणाऱ्या बिटाच्या बाबतीत ही सोय नाही. तिथे बोथट धार जास्त जोर मागते आणि तो सगळा जोर पकडीवर येतो.

फिरणाऱ्या हत्याराची पकड ही वेगळीच अडचण आहे. कुऱ्हाडीचे पाते दांड्यात केसभर तिरपे असले तरी काम अडत नाही. फिरणारे टोक केसभर मध्याबाहेर असले तर भोक मोठे होते, कड फाटते, टोक मोडते. सुताराचा सामता, म्हणजे दोरीच्या कमानीने फिरवायचे भोक पाडण्याचे हत्यार, लाकडी दांड्यात ठोकलेल्या चौकोनी शेपटीच्या टोकावर चाले. वेग कमी, म्हणून चूक खपून जाई. कातारी लाकूड कातत तेव्हा हत्यार हातात स्थिर असे आणि लाकूड फिरे, त्यामुळे तिथे हत्याराच्या मध्याचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न सुटला घड्याळांच्या कारखान्यात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, वॉल्थमच्या घड्याळ उद्योगाला सुईएवढे अक्ष हजारोंनी कातायचे होते. १८५० च्या दशकाच्या अखेरीस तिथे पोकळ स्पिंडल आणि मागून ओढून घट्ट करायचे चिरलेले कोलेट वापरात आले. त्याचे श्रेय चार्ल्स मोझली यांना दिले जाते. त्याच सुमारास पिळाच्या ड्रिलसाठी स्टीफन मोर्सचा निमुळता दांडा आला. त्याचा उतार एका बाजूला जेमतेम दीड अंश आहे. इतका मंद उतार घर्षणानेच अडकून बसतो आणि काढताना पाचर ठोकावी लागते. हा कुऱ्हाडीच्या दांड्याचा वारसा झाला. तीन जबड्यांचा ड्रिल चक विसाव्या शतकाच्या आरंभी आला. तो कोणत्याही मापाचे ड्रिल धरतो, पण तीनच ठिकाणी धरतो आणि उभा दाब सोसायलाच बनलेला आहे. आडवा कापणारा बिट त्यात लावू नये. आडव्या जोराने चक सैल होतो आणि आपल्या निमुळत्या दांड्यावरून निसटूही शकतो. नवशिके आजही हीच चूक हमखास करतात.

लेथसाठी हार्डिंजचे ५सी कोलेट, ब्रिजपोर्टच्या मिलिंग यंत्रासाठी आर-८ असे अनेक प्रकार आले, पण त्यांतले प्रत्येक जवळजवळ एकाच मापाचा दांडा नीट धरी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रेगो-फिक्स या स्विस कंपनीने जुन्या ई प्रकारात सुधारणा करून ईआर कोलेट बाजारात आणले. पुढे त्याचे जर्मन मानक डीआयएन ६४९९ ठरले आणि कोणीही बनवलेले कोलेट कोणाच्याही स्पिंडलमध्ये बसू लागले. छंदाच्या यंत्रांपर्यंत ईआर पोचले ते मुख्यतः या मानकामुळे. त्याचा उतार एका बाजूला आठ अंश आहे. हा उतार घट्ट आवळण्याइतका मंद आणि सुटण्याइतका तीव्र आहे, म्हणजेच ही रंध्याची पाचर झाली. तरीही कोलेट घरात चिकटलेच तर नटाच्या आत थोडी मध्याबाहेर कातलेली कडी असते. नट उलटा फिरवला की तीच कोलेटला बाहेर ओढते.

चांदा जिल्ह्यात यंत्रशाळेची सवय कोळसा खाणी, कागद गिरणी, रेल्वे, भद्रावतीचा आयुध निर्माणी कारखाना आणि वीज केंद्र यांच्या दुरुस्ती विभागांतून आली. तिथली पकड म्हणजे लेथचा चक आणि मोर्सचा दांडा. कामही लोखंडाचे, लाकूडकाम सॉ मिलच्या चकतीवर आणि सुताराच्या हातावर राहिले. लाकडात बारीक कोरीव काम करणारे संगणकचलित यंत्र सामान्य माणसाच्या आवाक्यात यायला आणखी दोन गोष्टी घडाव्या लागल्या. सांख्यिक नियंत्रणाचे यंत्र एमआयटीत १९५२ मध्येच दाखवले गेले होते, पण ते खोलीभर मोठे होते. २००५ मध्ये इटलीत आर्डुइनो हा स्वस्त नियंत्रक आला, २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी त्यावर चालणारी ग्रबल ही मुक्त प्रणाली लिहिली, आणि टेबलावर मावणारे राउटर, म्हणजे फिरत्या बिटाने कोरणारी यंत्रे, बनू लागले. महाराष्ट्रात पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्येच फॅब लॅब, म्हणजे संगणकचलित यंत्रांची छोटी कार्यशाळा, सुरू झाली होती. खेड्यातल्या मुलाने स्वतः यंत्र चालवावे ही कल्पना तिथे रुजली.

जंगल जिल्ह्यांत या यंत्राला काम देणारा माल आधीपासून होता. २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबू वाहतुकीचा परवाना गावाच्या हाती आला, आणि २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेर वाढलेला बांबू कायद्याच्या लेखी ‘झाड’ राहिला नाही. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला २०१४ मध्ये बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. सागाची पाटी, बांबूच्या पट्टीवरचे अक्षर, दाराच्या चौकटीची वेलबुट्टी हे सगळे लहान राउटरच्या आवाक्यातले काम आहे, आणि ते नीट होते की नाही हे बहुतेक वेळा कोलेटवर ठरते.

कोलेटची निवड सुरू होते स्पिंडलपासून. ईआरपुढचा आकडा कोलेटच्या रुंद तोंडाचा अंदाजे व्यास सांगतो. ईआर-११ सात मिमीपर्यंतचा दांडा धरते, ईआर-१६ दहा, ईआर-२० तेरा आणि ईआर-२५ सोळा मिमीपर्यंत. आठशे वॉटच्या स्पिंडलवर सहसा ईआर-११ असते, २.२ किलोवॉटच्या स्पिंडलवर ईआर-२०. सागात सहा मिमीच्या बिटाने काम करणाऱ्याला ईआर-११ चालते, पण ते त्याच्या मर्यादेजवळ असते. नवे स्पिंडल घ्यायचेच असेल तर ईआर-१६ किंवा ईआर-२० घेणे शहाणपणाचे. जाड नळीची पकड जास्त पृष्ठभागावर बसते. सगळ्यांत लहान यंत्रांत मोटारीच्या पाच मिमीच्या दांड्यावर स्क्रूने आवळलेला जोडतुकडा आणि त्याच्या टोकाला ईआर-११ असते. तो स्क्रू एका बाजूने दाबत असल्यामुळे जोडतुकडा मुळातच मध्याबाहेर बसतो, आणि पुढे कितीही महाग कोलेट लावले तरी तो दोष जात नाही.

मापाची गफलत सर्वांत जास्त होते ती इंची आणि मेट्रिक बिटांत. बाजारातल्या बारीक बिटांचे दांडे अनेकदा ३.१७५ मिमीचे, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचे असतात आणि राउटरचे बिट ६.३५ मिमीचे, म्हणजे पाव इंचाचे. ईआर कोलेट आकुंचन पावते, प्रसरण पावत नाही. ज्यावर ६ लिहिले आहे त्यात ६.३५ चा दांडा ठोकून बसवला की कोलेट कायमचे बिघडते. ईआर-११ साधारण अर्धा मिमी मिटते, म्हणून ३.५ चे कोलेट ३.१७५ ला आणि ६.५ चे ६.३५ ला धरते. ईआर-१६ पासून पुढे बहुतेक कोलेट एक मिमी मिटतात. तरी पूर्ण मिटवून वापरणे ही तडजोडच आहे. दांड्याच्या नेमक्या मापाचे कोलेट मिळत असेल तर तेच घ्यावे. दोन मापांची कोलेट रोज लागत असतील तर तीच दोन चांगल्या दर्जाची घ्यावीत. पंधरा मापांच्या स्वस्त पेटीपेक्षा ती कामाची.

दर्जा मोजायचा तो रनआउटने, म्हणजे फिरताना बिट मध्यापासून किती डगमगतो यावरून. चांगल्या कोलेटचा रनआउट ०.०१ मिमीच्या आसपास असतो. हा आकडा नगण्य वाटतो, पण हिशेब वेगळे सांगतो. स्पिंडल मिनिटाला १८,००० फेरे घेत असेल, बिटाला दोन धारा असतील आणि यंत्र मिनिटाला १८०० मिमी सरकत असेल, तर प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.०५ मिमी जाडीची चीप येते. रनआउट ०.०५ मिमी झाला की एका धारेला दुप्पट चीप घ्यावी लागते आणि दुसरी नुसतीच घासत जाते. सागात ही घासणारी धार तापते, सिलिका तिला आणखी झिजवते आणि कापाच्या कडेला काळी रेघ उमटते. लोक दोष बिटाला देतात, नवा बिट आणतात आणि तो पुन्हा तसाच जातो.

रनआउट तपासायला कोलेटमध्ये घासून नेमका केलेला गोल गज बसवतात, डायल गेजचे टोक त्याला टेकवतात आणि स्पिंडल हाताने फिरवतात. एक माप नटाजवळ, दुसरे थोडे खाली घ्यावे. मग कोलेट सोडून पाव फेरा फिरवून पुन्हा बसवावे. उंच जागा कोलेटबरोबर सरकली तर दोष कोलेटमध्ये; स्पिंडलच्या त्याच खुणेवर राहिली तर दोष स्पिंडलच्या घरात. ही तपासणी अर्ध्या तासात होते आणि पुष्कळ पैसे वाचवते.

बसवण्याची पद्धत ठरलेली आहे आणि ती मोडल्याने बरीच कोलेट फुकट जातात. कोलेट आधी नटात बसवायचे, थोडे तिरपे धरून दाबायचे. ‘टक्’ आवाज होऊन ते आतल्या कडीत अडकते. मगच नट स्पिंडलवर चढवायचा. कोलेट घरात ठेवून वरून नट आवळला तर कडी खाचेत बसत नाही, कोलेट वाकडे होते आणि सोडताना आतच अडकून राहते. बिटाशिवाय नट आवळू नये. रिकाम्या नळीच्या चिरा गरजेपेक्षा जास्त मिटतात आणि मग ती पूर्वीसारखी उघडत नाही. दांडा कोलेटच्या निदान दोनतृतीयांश लांबीभर आत असावा, पण धारेची खाच आत जाऊ नये. दांडा थोडाच आत असेल तर कोलेट तोंडाशी मिटते, मागे उघडे राहते आणि काही दिवसांत भोक घंटेसारखे पसरट होते. दुसऱ्या टोकाला, बिट जेवढा कमी बाहेर तेवढा बरा : बाहेर आलेली लांबी दुप्पट झाली तर तेवढ्याच जोराला बिट आठपट वाकतो.

आवळताना दोन पाने लागतात, एक स्पिंडलला धरायला आणि एक नटाला. नुसत्या हाताने आवळलेला नट पुरत नाही आणि पान्याला नळी लावून दिलेला जोर आटे बिघडवतो. पकड कमी पडल्याची खूण ओळखण्याजोगी असते. वरच्या दिशेने चीप काढणारा पिळाचा बिट कापताना स्वतःला कोलेटमधून खाली ओढत राहतो. पाटी सुरुवातीला ठरल्या खोलीने कोरली जाते, मध्यापर्यंत अक्षरे खोल होतात आणि शेवटी खालच्या फळीवर चर पडतो. दांड्यावर तपकिरी वळे दिसली तर तो आत घसरल्याचा पुरावा आहे.

स्वच्छतेचे महत्त्व सागाच्या मुलखात इतरांपेक्षा अधिक आहे. सागाची तेलकट पूड कोलेटच्या चिरांत आणि निमुळत्या पृष्ठभागावर बसते, उष्णतेने तिचा पातळ थर जमतो आणि तो कोलेट एका बाजूला ढकलतो. प्रत्येक बिट बदलताना घर, कोलेट आणि दांडा कोरड्या फडक्याने पुसावेत. जमलेला थर रॉकेल किंवा स्पिरिटमध्ये भिजवून पितळी ब्रशने काढावा. लोखंडी ब्रश वापरू नये, ओरखडे पडतात. पावसाळ्यात दोन-तीन आठवडे न वापरलेल्या कोलेटवर गंज धरतो. ठेवताना तेलाचा पुसट हात द्यावा आणि वापरण्यापूर्वी तो पूर्ण पुसावा, कारण तेलकट भोकात दांडा घसरतो.

कोलेट ही झिजणारी वस्तू आहे. कारखान्यांत ती ठरावीक काळाने बदलली जाते. छंदाच्या यंत्रावर भोकाचे तोंड पसरले, चिरा एकसारख्या उघडेनाशा झाल्या, आतल्या भिंतीवर घासल्याचे पट्टे दिसले किंवा स्वच्छ करूनही रनआउट उतरेना, की ती टाकून द्यावी. तिच्या पोलादाला कडक करून मग स्प्रिंगचा गुण येईल इतके पुन्हा तापवलेले असते. भट्टीत तापवून, ठोकून सरळ करण्याचा लोहाराचा उपाय तिला लागू पडत नाही. तापवताच तो गुण जातो. बदलताना नटही पाहावा. आतली कडी झिजली असेल तर नवे कोलेटही तिरपे बसते.